पुण्याहून कोकण, चार गाड्या, आठ माणसं: आधी मागच्या सीटचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. धायरीहून चार मोटरसायकली निघणार, माणसं आठ. विचारणारे आणि त्यांची बायको, दोन मित्र आपापल्या बायकांसह, आणि धाकटा भाऊ, ज्याच्या मागे यांची ११ वर्षांची मुलगी बसणार. नाताळच्या आठवड्यात चार दिवस. पहिल्या दिवशी कोल्हापूर, गगनबावडा करत थेट मालवण, मग किनाऱ्याने वर सरकत गुहागर, हरिहरेश्वर आणि ताम्हिणीतून घरी. रात्री किनाऱ्यावर तंबू. गाडीची तयारी काय करायची, तंबू कोणता घ्यायचा, सामान कसं बांधायचं आणि मुलीला नेणं बरोबर आहे का, हे त्यांना हवंय. बायको रोज स्कूटरवरून हडपसरला नोकरीला जाते, हेही त्यांनी ओघात लिहिलंय. त्याकडे शेवटी येते.

मी १९ वर्षं पुण्यातून असे प्रवास करते आहे. पहिली आठ वर्षं नवऱ्याच्या मागे बसून, पुढची अकरा माझी स्वतःची गाडी घेऊन. आमच्या ग्रुपच्या कौटुंबिक सहली आता मीच आखते. आणि त्या आखताना मला जे उपयोगी पडतं ते बहुतेक सगळं त्या पहिल्या आठ वर्षांत, मागच्या सीटवर शिकलेलं आहे.

चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं. पुढचा खड्डा त्याला दिसतो, ब्रेक कधी लागणार हे त्याला आधी कळतं, त्यामुळे त्याचं अंग आपोआप तयार असतं. मागच्याला यातलं काहीच नसतं. खड्डा कळतो तो थेट कमरेत. ब्रेक लागला की हेल्मेटवर हेल्मेट आपटतं. गुडघे तासन्‌तास एकाच कोनात मुडपलेले, आणि पहाटेचा वारा पुढच्याच्या अंगाला वळसा घालून नेमका त्या गुडघ्यांवर येतो. चालवणारा ३०० किलोमीटरनंतर 'मजा आली' म्हणत उतरतो तेव्हा मागच्याला पाय जमिनीवर टेकवायलाच दोन मिनिटं लागतात. आणि मग त्याच माणसाने तंबू लावायचा, मुलीला खायला घालायचं. म्हणून सहल आखायची ती मागच्या सीटच्या हिशोबाने. पुढच्यांचं त्यात काहीही बिघडत नाही.

त्या हिशोबाने तुमचा पहिला दिवस टिकत नाही. पुण्याहून मालवण ३८० किलोमीटरच्या आसपास आहे. डिसेंबरच्या अखेरीला सूर्य सातला उगवतो आणि सहाला मावळतो, म्हणजे उजेड अकरा तासांचा. कोल्हापूरपर्यंत चौपदरी रस्ता आहे, तिथे वेग मिळेल. पण चार गाड्या, आठ माणसं, नाश्ता, जेवण, दोनदा पेट्रोल, दर तासाला एक थांबा, त्यानंतर घाट आणि खालचे अरुंद रस्ते. हिशोब करून पाहा, मालवणच्या अलीकडेच अंधार पडेल. अनोळखी जागी अंधारात तंबू लावावा लागणं ही या प्रकारच्या सहलीतली सर्वांत वाईट गोष्ट आहे. भांडणं तेव्हाच होतात.

मी दोन आकडे धरून चालते. दिवसाला २००च्या आत किलोमीटर आणि संध्याकाळी साडेचारला मुक्कामावर. साडेचार म्हणजे साडेचार. पाच वाजून गेले आणि ठरवलेली जागा अजून लांब असेल तर जे गाव येईल तिथे थांबायचं.

तुमच्या चार दिवसांत मी हे बसवेन. पहिल्या दिवशी चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. १८० किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, मग वेळास, केळशी, आंजर्ले. हे जेमतेम पन्नासेक किलोमीटर, पण रस्ता वळणावळणाचा आणि दर दहा मिनिटांनी थांबावंसं वाटेल असा. आंजर्ल्याला दोन रात्री. तिसऱ्या दिवशी गाड्यांवर सामान चढवायचंच नाही. कड्यावरचा गणपती, हर्णै बंदर, समोर सुवर्णदुर्ग, संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव. चौथ्या दिवशी सकाळी सातला निघून दापोली, खेड, महाड, माणगाव, ताम्हिणी, पुणे. हे सव्वादोनशेच्या पुढे जातं, पण शेवटी तंबू लावायचा नसतो, घरचं अंथरूण असतं, म्हणून चालवून घ्यायचं. गुहागर आणि मालवण पुढच्या खेपेला. एकाच जागी दोन रात्री राहण्याचा आग्रह मी सगळ्यांना धरते. रोज तंबू उतरवायचा, वळकटी बांधायची, गाडीवर चढवायची, यात सकाळचे दोन तास जातात, आणि ते काम बहुतेक वेळा बायकांच्या अंगावर पडतं.

शक्य असेल तर नाताळाचा आठवडा टाळा. त्या दिवसांत किनाऱ्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ असते, फेरीला रांगा लागतात आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण घाईत असतो. जानेवारीचा मधला आठवडा हवेला तसाच आणि गर्दीला निम्मा.

तारीख ठरवताना तिथीही बघा. हे ऐकायला जुनाट वाटेल, म्हणून आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगते. आम्ही पाच जण, माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. पौर्णिमा मुद्दाम निवडली होती, चांदण्यात समुद्र बघायचा म्हणून. संध्याकाळी सहाला पोहोचलो तेव्हा पाणी लांब गेलेलं, मध्ये सपाट, घट्ट, स्वच्छ वाळू. यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार म्हणून तिथेच तंबू ठोकले. साडेअकराला मला जाग आली ती आवाजाने. लाटेचा आवाज दुरून येतो तेव्हा तो एकसंध असतो. हा तुटक होता, वाळूवरून पाणी सरपटत यावं तसा. चेन उघडून विजेरी मारली तर फेस तंबूपासून चार हातांवर. मुलीला झोपेतच उचललं, बाकीच्यांनी तंबू खांबांसकट फरफटत वर नेले. दोन जोडी बूट आणि एक पातेलं समुद्राने नेलं. सकाळी शेजारच्या कोळीवाड्यातल्या एका आजींनी विचारलं, "पुनवेला खाली कशाला झोपलात गो?" आणि हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या वेळेच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपार आणि मध्यरात्रीच्या आसपास भरती, तीही उधाणाची. हिशोब ढोबळ आहे, पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, पण कोकणच्या किनाऱ्यावर तो चालतो. पौर्णिमेला संध्याकाळी तुम्ही पोहोचता तेव्हा ओहोटी असते आणि समुद्र फसवतो. अष्टमीच्या आसपास गेलात तर साडेचार-पाचला पाणी चढतंच असतं, त्याची वर यायची हद्द झोपण्याआधी डोळ्यांनी दिसते. ती भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असते हेही बरंच. तरीही तंबू लावायचा तो वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी ओळ किनाऱ्यावर दिसते तिच्या चांगला वर.

वर म्हणजे सुरूच्या बनात किंवा एखाद्या वाडीत, म्हणजे घराभोवतीच्या बागेत. माडाखाली मात्र कधीही नाही. नारळ पडतो, आणि ओली झावळी पडली तर तिचं वजनही तंबूची काठी मोडायला पुरेसं असतं. माझी पसंती वाडीला. आंजर्ले, केळशी, हरिहरेश्वर या पट्ट्यात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी बरीच कुटुंबं आहेत. आधी फोन करून 'अंगणात किंवा वाडीत तंबू लावू का' असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. थोडे पैसे द्यावे लागतात. बदल्यात विहिरीचं पाणी, संडास-बाथरूम आणि रात्री आवाज दिला तर येणारं माणूस मिळतं. मोकळ्या जागी थांबायचं असेल तर गावच्या पोलीस पाटलाला किंवा सरपंचांना भेटून सांगा. अभयारण्यात आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, घालू नका. खारं पाणी साखळीत आणि बेअरिंगमध्ये जातं हे तर आहेच, पण वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून लोक ही घरटी राखत आले आहेत. रात्री समुद्राकडे तोंड करून दिवे लावू नका, पिल्लं उजेडाकडे भरकटतात.

आता संडासाबद्दल, कारण हे पुरुष विचारत नाहीत आणि बायका बोलत नाहीत. मी आठ वर्षं प्रवासात पाणी कमी प्यायले, कुठे थांबणार हे माहीत नसायचं म्हणून. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागायचं आणि सगळे म्हणायचे ऊन लागलं. तुमच्या ग्रुपमध्ये चार बायका-मुली आहेत. दर ५० मिनिटांनी थांबायचं, आणि ते स्वच्छतागृह असलेल्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलवर. ही यादी निघण्याआधी करायची आणि सगळ्यांना सांगायची. कोणाला 'थांबा ना जरा' असं म्हणावं लागता कामा नये. पाळी येणार असेल तर तो दिवस वाडीतल्या मुक्कामाचा पडेल असं बघा. मोकळ्यावर जायची वेळ आलीच तर विहिरीपासून, ओढ्यापासून ६० मीटर लांब, वीतभर खड्डा खणून, वर माती ओढून. पॅड आणि ओले रुमाल पुरायचे नाहीत, पिशवीत घालून परत आणायचे.

सामान. गाडीच्या माहितीपुस्तिकेत एकूण किती भार चालतो ते दिलेलं असतं. त्यातून गाडीचं आणि दोन माणसांचं वजन वजा करा, मग कळेल की हातात फारसं काही उरत नाही. जड वस्तू खाली आणि पुढे: औजारं, पाणी, स्टोव्ह, भांडी हे दोन बाजूंच्या पिशव्यांत, तळाशी, दोन्हीकडे सारखं. हलकं आणि फुगीर सामान, म्हणजे झोपायच्या पिशव्या, कपडे, मागच्या कॅरिअरवर. तंबूची वळकटी आडवी, मागच्या माणसाच्या पाठीला टेकेल अशी बांधली तर त्याला टेकायला आधारही मिळतो. मी हे बांधताना मागच्या माणसाला आधी गाडीवर बसवते, मग बांधते. रिकाम्या गाडीवर बांधलेलं सामान बसल्यावर पाठीत खुपतं किंवा बसायला जागाच उरत नाही.

हुकवाल्या रबरी दोऱ्या वापरू नका. त्या ताणाने सुटतात, डोळ्याला लागतात आणि सैल टोक चाकात जातं. बकलवाले पट्टे घ्या, प्रत्येक वस्तूला दोन, आणि पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून त्याच पट्ट्याखाली खोचा. उजवीकडची पिशवी सायलेन्सरपासून चार बोटं तरी लांब राहिली पाहिजे. पिशवीवर हात ठेवून जोरात हलवा. पिशवी हलली आणि गाडी जागेवर राहिली तर पुन्हा बांधा. गाडीच पिशवीबरोबर हलली तर बांधणं नीट झालं. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांत, म्हणजे तुम्ही भूगावच्या आसपास असाल तेव्हा, थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळायचे. पहिल्या खड्ड्यांत सामान बसतं आणि सगळं सैल होतं. हा थांबा आमच्याकडे कोणी चुकवत नाही.

भार वाढला की गाडी बदलते. मागचे शॉकअप एक-दोन खाचा कडक करा. टायरमध्ये दोघांसाठी जो हवेचा आकडा पुस्तिकेत दिलाय तो भरा, थंड टायरला. मागे वजन आल्याने हेडलाइट वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तोही खाली करून घ्या. ब्रेकला जास्त अंतर लागतं. ताम्हिणी उतरताना दुसऱ्या गिअरात राहा आणि इंजिनाने गाडी धरू द्या. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली येईपर्यंत ड्रम तापून ब्रेक धरेनासा होतो. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे अजूनही दिसतात. कृपा करून तसं करू नका.

गाडीची सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधी करा आणि मग त्यावर दीड-दोनशे किलोमीटर फिरा. एका गॅरेजने आमच्या मित्राची साखळी आदल्या संध्याकाळी इतकी ताणून दिली होती की वाटेत मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं, आणि आमचा अख्खा दिवस गेला. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर नक्षी दिसत असली तरी बदला, रबर कडक झालेलं असतं. स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते, तेव्हा जादा ट्यूब आणि चाक काढायचा पाना लागतो. अलॉयच्या बिनट्यूबच्या चाकाला पंक्चरच्या वातीचा संच आणि पंप पुरतो. क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, साखळीची कडी, प्लग, फ्यूज हे चारही गाड्यांचं एकाच पिशवीत नको, ज्याचं त्याच्या गाडीवर. रोज मुक्कामाला साखळी पुसून तेल द्या, किनाऱ्यावर तर नक्कीच. कागदपत्रं, विमा, पीयूसी सगळ्यांची आधी तपासा. चारपैकी एकाची पीयूसी संपलेली असतेच.

चार गाड्या एकत्र चालवायची आमची पद्धत साधी आहे. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला. त्याच्या मागे सर्वांत सावकाश चालवणारा, म्हणजे पुढच्याला आरशात तो दिसत राहतो आणि वेग आपोआप त्याच्यावर ठरतो. सर्वांत मागे सगळ्यांत अनुभवी, त्याच्याकडे औजारं आणि प्रथमोपचार. प्रत्येकाची जबाबदारी फक्त आपल्या मागच्याची. वळणावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं, मग फोनची रेंज असो वा नसो, कोणी चुकत नाही. आपसात ओव्हरटेक नाही. घाटात एकामागे एक, अंतर ठेवून. फेरीवर चढताना मागच्या माणसांनी आधी उतरायचं. धक्क्याचा उतार शेवाळलेला आणि ओला असतो, तिथे दोघांना घेऊन चढणारी गाडी आडवी झालेली मी पाहिली आहे. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवा आणि हाताने धरून उभे राहा.

तंबूबद्दल थोडक्यात. दोन माणसांना 'तीन माणसांचा' म्हणून विकतात तो घ्या, दोनाच्यात दोन माणसं आणि सामान मावत नाही. वरचं आच्छादन वेगळं असलेला, स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर दव त्यावर जमून तंबूखाली येतं. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दार त्या बाजूला करू नका. वाळूत खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. जांभ्या दगडाच्या जमिनीत खुंटी शिरतच नाही, तिथे दगडाला दोरी. साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, मऊ जमिनीत गाडी रात्रीतून कलते. आणि हे सगळं आधी एकदा सोसायटीच्या गच्चीवर करून पाहा, मुलीला घेऊन. ती तुमच्यापेक्षा लवकर शिकेल. तंबूच्या आत स्टोव्ह किंवा निखारे कधीही नाही, थंडी कितीही वाजो. बंद जागेत साचणाऱ्या विषारी वायूने झोपेतच माणसं जातात.

जेवणाचा फार घाट घालू नका. पहिल्या रात्रीचं घरून: धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या. पुढे वाडीतलं जेवण. छोटा गॅस चहापुरता आणि पावसापाण्यात मेतकूट-भात टाकण्यापुरता. उघड्यावर शेकोटी नको, डिसेंबरनंतर गवत वाळलेलं असतं आणि एक ठिणगी डोंगर जाळते.

या पट्ट्यात फुरसं हा विषारी साप खूप. ते दगडाखाली, पाल्यात असतं आणि लहान दिसतं म्हणून लोक हलक्यात घेतात. मण्यार हा दुसरा विषारी साप, ती रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. त्यामुळे तंबूची चेन दिवसाही बंद, रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, बूट झटकूनच घालायचे, दगड हाताने उलथायचे नाहीत. साप चावला तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो हात-पाय हलू न देता १०८ला फोन करून सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठायचं. लाल विंचवालाही हेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात असंख्य जीव वाचवले, २०२२ला त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध वेळेत मिळायला आपण वेळेत पोहोचावं लागतं. वाटेवरच्या रुग्णालयांची नावं कागदावर लिहून चारही गाड्यांवर ठेवा. पण खरं सांगायचं तर या सहलींत मी सर्वांत जास्त वेळा हाताळलेली जखम म्हणजे सायलेन्सरचा पोटरीला बसलेला चटका. लहान मुलं उजवीकडून उतरतात तेव्हा बसतो. मुलीला डावीकडून चढा-उतरायची सवय लावा. चटका बसलाच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट-हळद काही नाही.

मुलीला न्यायचं का? न्या. ११ वर्षांच्या मुलीचे पाय फूटरेस्टला नीट टेकत असतील तर ती बसू शकते. टेकत नसतील तर या वर्षी नको, कारण पाय लोंबकळत असतील तर ब्रेकला ती घसरते. हेल्मेट तिच्या मापाचं, आयएसआयचं. मोठ्यांचं हेल्मेट तिच्या डोक्यावर फिरतं, ते असून नसल्यासारखं. हनुवटीचा पट्टा लावून मागून हेल्मेट पुढे ढकलून पाहा, निघालं नाही पाहिजे. पूर्ण बाह्यांचं जॅकेट, बूट, गुडघ्याला पॅड. तिला आणि बायकांनाही, ओढणी किंवा सैल शाल नको. ती मागच्या चाकात जाते आणि त्याचे परिणाम फार वाईट असतात.

मुलं दुपारी जेवल्यावर मागे बसल्या बसल्या झोपतात. हे चालवणाऱ्याला कळायला उशीर होतो. कमरेवरची पकड सैल झाली किंवा हेल्मेट पाठीवर टेकलं की त्याच क्षणी कडेला. ओढणीने बांधून पुढे नेणारे दिसतात, तसं करू नका. आम्ही जेवणानंतर एक तास ठेवतोच, झाडाखाली चटई टाकून. मुलगी झोपते, मोठेही झोपतात. साडेचारला पोहोचायचं असलं तरी हा तास १८० किलोमीटरांत बसतो. ३८०मध्ये बसत नाही.

तिला भावाच्या मागे बसवण्याआधी भावाला तिला घेऊन एकदा सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन येऊ द्या आणि नंतर तिला एकटीला विचारा, काका कसा चालवतो. मुलं खरं सांगतात. ती 'भीती वाटली' म्हणाली तर ती तुमच्या मागे.

आणि आता तुमची बायको. त्या रोज धायरीहून हडपसरला स्कूटर चालवतात. म्हणजे रोजचे जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर, पुण्याच्या रहदारीत. मागच्या सीटवर आठ वर्षं बसलेली बाई म्हणून विचारते, त्यांनाच चालवायचं असेल का? सव्वाशे सीसीची स्कूटर दिवसाला १८० किलोमीटर, ताशी ५०च्या वेगाने, थांबत थांबत आरामात करते. ताम्हिणीच्या उतारावर तिच्यात इंजिनाची ओढ कमी, म्हणून वेग आधीपासूनच कमी ठेवायचा आणि दोन्ही ब्रेक थोडेथोडे, सोडून सोडून वापरायचे, एवढीच काळजी. रांगेत त्यांची जागा दुसरी. तसं झालं तर मुलगी तुमच्या मागे येते आणि तुमच्या भावाला एकट्याला सामानाची गाडी मिळते.

निघण्याच्या महिनाभर आधी सगळ्यांनी मुळशी किंवा पानशेतच्या बाजूला एक रात्र तंबूत काढून या. शनिवारी दुपारी जायचं, रविवारी परत, तिथे खासगी जागा मिळतात. या वेळी त्यांना स्कूटर घेऊन येऊ द्या, आणि परत आल्यावर विचारा. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात त्यांना काय हवंय हे कुठे आलेलं नाही. त्या हो म्हणाल्या तर स्कूटरच्या सीटखाली रेनकोट आणि प्रथमोपचाराची पेटी मावते, तेवढं तुमच्या बाजूच्या पिशवीतून काढून ठेवा.